कॉफी, झोप आणि हिमोग्लोबिन : माझी चाळीस दिवसांची वही

कृष्णाकाठ | ७ जून, सकाळी ६.४०

माहेर सांगलीचं, सासर म्हैसूरचं. लग्नाआधी कॉफी म्हणजे उपासाच्या रात्री आई करायची ती. सगळी दुधाची, वर जायफळ उगाळलेलं. इकडे आल्यावर पहाटे साडेपाचला पितळी फिल्टरमधून उतरलेलं दाट डिकॉक्शन, त्यावर उकळतं दूध, आणि टंबलरमधून डबऱ्यात (पसरट वाटीत) ओतून आणलेला फेस. सोळा वर्षांत ती इतकी अंगवळणी पडली की दिवसाला किती होतात हे मी कधी मोजलंच नव्हतं.

गेल्या वर्षी दोन तक्रारी सुरू झाल्या. रात्री अकराला पडल्या पडल्या झोप लागायची, पण अडीचच्या सुमाराला टक्क जाग. आणि ऑफिसचे दोन जिने चढले की धाप. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ९.२ आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तळाला. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. चार महिने एकही न चुकवता घेतल्या आणि आकडा आला ९.५.

माझी नणंद आहारतज्ज्ञ आहे. तिने एकच विचारलं, "वहिनी, गोळी कशाबरोबर घेतेस?" नाश्ता झाला की गोळी आणि लगेच कॉफी. चार महिन्यांत हे मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं.

तिच्या सांगण्यावरून चाळीस दिवस वही ठेवली. रोजचे कप निघाले पाच : ५.३०, ८.३० नाश्त्याबरोबर, ११, दुपारी जेवणानंतर पावणेदोनला आणि संध्याकाळी साडेपाचला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये काढलेल्या आहार मार्गदर्शिकेत १५० मिलि फिल्टर कॉफीत ८० ते १२० मिग्रॅ कॅफीन धरलंय, इन्स्टंटमध्ये ५० ते ६५, चहात ३० ते ६५. आमचा टंबलर लहान पण डिकॉक्शन दाट, म्हणून मी ८० धरलं. दिवसाचे ४०० झाले. त्याच मार्गदर्शिकेत दिवसाची मर्यादा ३०० सांगितली आहे. युरोपची अन्नसुरक्षा संस्था निरोगी प्रौढांना ४०० पर्यंत चालेल म्हणते. म्हणजे मी एका हिशेबाने काठावर, दुसऱ्याने बाहेर.

पण वहीत मला सापडलं ते वेगळंच. पाचाचे तीन कप केले आणि वेळा त्याच ठेवल्या, तेव्हा काहीच बदललं नाही. पुढचे वीस दिवस कप चार ठेवले, पण नाश्ता-जेवणाजवळचे हलवले आणि दुपारी दोननंतरचा बंद केला. दुसऱ्या आठवड्यापासून अडीचची जाग गेली. तेव्हापासून हाच नेम आहे. गोळी आता रात्री आठला, लिंबूपाण्याबरोबर. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.४.

कॉफी सोडा असं सांगायला हा धागा काढलेला नाही, मी सोडलेली नाही. आपल्याकडे सगळी चर्चा "चांगली की वाईट" आणि "किती कप" यावर होते. कधी घेता आणि कशाजवळ घेता, हे कुणी विचारत नाही. तुमचे अनुभव लिहा. इथे डॉक्टर मंडळी असतील तर माझ्या वहीत काय चुकतंय तेही सांगा.

स्टेथो | ७ जून, रात्री ९.१५

मी फिजिशियन आहे, कोल्हापूर जिल्ह्यात. कृष्णाकाठ, वही उत्तम ठेवली आहे. पेशंटने असं लिहून आणलं तर आमचं निम्मं काम होतं. एक सावधगिरी : गोळीची वेळ, लिंबू आणि कॉफी हे तिन्ही तुम्ही एकदम बदललंत, त्यामुळे श्रेय कुणाला किती हे सांगता येणार नाही. पण दिशा बरोबर आहे.

लोहाचं आधी. १९८३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक छोटा पण नेटका अभ्यास आहे. जेवणाबरोबर एक कप कॉफी घेतल्यावर लोहाचं शोषण ३९ टक्क्यांनी घटलं, चहाने ६४ टक्क्यांनी. जेवणानंतर तासाभराने कॉफी घेतली तरी तेवढीच घट. जेवणाच्या तासभर आधी घेतली तर घट शून्य. कारण कॉफीतली पॉलिफेनॉल्स आतड्यात लोहाला धरून ठेवतात. यात कॅफीनचा दोष नाही, म्हणून डिकॅफ (कॅफीन काढलेली कॉफी) घेतल्याने हा प्रश्न सुटत नाही. मटण-मासळीतल्या लोहावर हा परिणाम कमी, भाजी-डाळीतल्यावर जास्त. म्हणजे शाकाहारी बाईला सर्वांत मोठा फटका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्याचं मूळ आहारात, पाळीत, बाळंतपणांत आहे, चहा-कॉफीवर सगळं ढकलता येणार नाही. पण गोळी गिळून वर चहा घेणाऱ्या बायका मी रोज पाहतो आणि तेव्हा जीव तुटतो. लोहाबरोबर लिंबू, आवळा, पेरू घ्या, आणि चहा-कॉफी जेवणाच्या आधी तासभर किंवा नंतर दोन तासांनी.

आता झोप. आपण जागे असतो तोवर मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि ते मेंदूतल्या पेशींवरच्या ठरावीक खाचांत बसलं की गुंगी येते. कॅफीन त्याच खाचांत जाऊन बसतं. अ‍ॅडेनोसिन कमी होत नाही, नुसतं बाहेर ताटकळतं. साधारण पाच तासांत रक्तातलं कॅफीन निम्मं होतं. संध्याकाळी साडेपाचला ८० घेतलं तर साडेदहाला ४० आणि पहाटे साडेतीनला २० उरतं. २०१३ च्या एका प्रयोगात झोपण्याच्या सहा तास आधी ४०० मिग्रॅ कॅफीन दिलं, तरी झोप तासाभराहून जास्त घटली. तुम्हाला अडीचला जाग यायची याचं नवल नाही.

सोलापुरी_चादर | ७ जून, रात्री ९.५०

मला हे पटत नाही. आमच्या घरी वडिलांपासून रात्री जेवल्यावर जायफळाची कॉफी होते. मी ती पिऊन दहाला आडवा होतो तो सकाळी सहालाच उठतो. आजी तर लहान मुलांना झोप लागावी म्हणून द्यायची. कॉफीने झोप उडते हे शहरी लोकांचं खूळ वाटतं.

कृष्णाकाठ | ७ जून, रात्री १०.२०

दादा, एक विचारते. तुमच्या घरची कॉफी कशी करतात? आमच्या सांगलीच्या घरी कपभर दुधाला इन्स्टंटचा अर्धा सपाट चमचा, साखर आणि जायफळ. अख्ख्या चमच्यात साठेक मिग्रॅ धरलं तर हिच्यात जेमतेम तीस. माझ्या म्हैसूरच्या एका टंबलरच्या निम्म्याहून कमी. ती रात्रीची कॉफी खरं तर कॉफीच्या वासाचं गरम दूध असतं. आईची आणि सासूबाईंची कॉफी एकाच नावाने ओळखली जाते, म्हणून मी स्वतः पहिली दोन वर्षं फसले. सासरी रात्री नऊला डिकॉक्शनची कॉफी घेऊन जायफळाची वाट बघत बसायचे.

स्टेथो | ७ जून, रात्री १०.४५

कृष्णाकाठ यांचा हिशेब बरोबर. शिवाय सोलापुरी_चादर, तुमचा अनुभव मी खोटा म्हणणार नाही. यकृतात एक एन्झाइम आहे, तेच बहुतेक सगळं कॅफीन मोडतं. कुणात ते झपाट्याने चालतं, कुणात रेंगाळतं. निम्मं व्हायला कुणाला दोन तास लागतात, कुणाला नऊ. सिगारेटने ते एन्झाइम जोरात चालतं, त्यामुळे सिगारेट सोडलेल्या माणसाला नेहमीचीच कॉफी अचानक जास्त चढते आणि तो म्हणतो सिगारेट सुटल्यापासून धडधडतंय. गर्भनिरोधक गोळ्यांनी ते मंदावतं. सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या अँटिबायोटिकनेही. लघवीच्या जंतुसंसर्गाला ते औषध चालू असेल तर तेवढे दिवस कॉफी निम्मी करा.

पण पडल्याबरोबर झोप लागणं आणि झोप गाढ असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाढ झोप घटली तरी माणसाला कळतंच असं नाही.

वाईकर_नाना | ८ जून, सकाळी ८.०५

वय ७१. कृष्णाकाठ ताई, तुमचा "कशाजवळ" हा शब्द वाचून मी उठून बसलो. अकरा वर्षं थायरॉइडची गोळी चालू आहे. पहाटे उठतो, गोळी तोंडात टाकतो आणि हातातल्या कॉफीच्या घोटाबरोबर गिळतो. गोळी उपाशीपोटी घ्यायची एवढं सांगितलं होतं. कॉफी म्हणजे खाणं नव्हे, असं मी धरून चाललो. दोन वर्षांत दोनदा मात्रा वाढवली आहे. याचा संबंध असेल का?

स्टेथो | ८ जून, दुपारी २.३०

नाना, असू शकतो. दाट शक्यता आहे. कॉफीबरोबर घेतल्यावर थायरॉक्सिनचं शोषण घटतं हे तपासून सिद्ध झालेलं आहे. गोळी साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि कॉफी किमान अर्ध्या तासाने, तासाने घेतलीत तर उत्तम. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर तिच्यात चार तासांचं अंतर.

आता महत्त्वाचं. वेळ बदलल्यावर हीच मात्रा तुम्हाला जास्त होऊ शकते, कारण आता ती पूर्ण शोषली जाईल. या वयात जास्त थायरॉक्सिन हृदयाला आणि हाडांना सोसत नाही. तुमच्या डॉक्टरांना आजच सांगा आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी, मात्रा जास्त झाली की हा आकडा उतरतो) पुन्हा बघा. मात्रेत स्वतःहून काही करू नका.

बर्गेनकर | ८ जून, संध्याकाळी ७.१०

नॉर्वेतून लिहितोय. इथे कॉफी पाण्यासारखी पितात आणि जुनी पद्धत म्हणजे जाडसर पूड थेट पाण्यात उकळायची, गाळायची नाही, खाली बसू द्यायची. १९८३ मध्ये इथल्या उत्तरेकडच्या ट्रोम्सो शहरातल्या पाहणीत दिसलं की जास्त कॉफी पिणाऱ्यांचं कोलेस्टेरॉल जास्त आहे. मग शोधता शोधता कळलं की कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल आणि काहवेओल असे दोन पदार्थ असतात, ते एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढवतात. कागदी फिल्टरमध्ये ते तेल अडकून राहतं. उकळलेल्या आणि दांड्याने दाबून गाळायच्या कॉफीत ते भरपूर, एस्प्रेसोत मध्यम, कागदाने गाळलेल्या आणि इन्स्टंटमध्ये नाममात्र.

मी इथे आल्यावर हौसेने ती दाबायची काचेची बरणी घेतली होती. दिवसाला चार मोठे मग. दीड वर्षात एलडीएल १२८ वरून १६१. खाण्यात दुसरा काही बदल नव्हता. बरणी ठेवून दिली, कागदाचं फिल्टर घेतलं, सहा महिन्यांत १३५. एका माणसाचा अनुभव आहे, पण ज्यांचं कोलेस्टेरॉल आधीच जास्त आहे त्यांनी आपली कॉफी गाळतात कशातून हे जरूर बघावं.

कृष्णाकाठ | ८ जून, रात्री ८.००

म्हणजे आमचं पितळी फिल्टर धातूच्या जाळीचं, तेल त्यातून जाणारच. सासूबाईंचं कोलेस्टेरॉल वाढलेलं आहे. विचार करायला हवा.

मेळघाटी | ८ जून, रात्री १०.३०

आमच्या अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याला कॉफी पिकते हे महाराष्ट्रात फार कमी लोकांना माहीत असतं, म्हणून आधी ते सांगतो. इंग्रजांच्या काळापासून आहे. 

मुद्दा असा की "एक कप" हे मापच फसवं आहे. कॉफीच्या मुख्य जाती दोन, रोबस्टा आणि अरेबिका. रोबस्टाच्या बीत अरेबिकाच्या जवळपास दुप्पट कॅफीन असतं. भारतातलं सुमारे ७० टक्के उत्पादन रोबस्टाचं आहे. उलट चिकोरीत कॅफीन नाहीच, ती भाजलेली मुळी आहे. नियमाप्रमाणे कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के हवी आणि दोन्हीचं प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. ८०-२० ची पूड आणि ५३-४७ ची पूड, रंगाला सारखीच दाट, पण कॅफीनमध्ये दीडपटीचा फरक. कृष्णाकाठ, तुमच्या ८० च्या आकड्याआधी पाकीट बघा.

कृष्णाकाठ | ९ जून, सकाळी ६.१५

बघितलं. ८०-२० आहे, आणि पूड पीबेरी (फळात एकच गोल बी असलेली) रोबस्टा मिसळलेली. म्हणजे ८० हा आकडा मी कमीच धरलाय. मेळघाटी, आभार. वहीत दुरुस्ती केली.

मुठाकाठची_आई | ९ जून, दुपारी १२.४०

माझा मुलगा पुण्यात सदाशिव पेठेत राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. मागच्या महिन्यात खोलीवर गेले तर खिडकीत एनर्जी ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्यांची रांग. विचारलं तर म्हणतो रात्री अडीचपर्यंत अभ्यासिका उघडी असते, त्याशिवाय डोळे उघडे राहत नाहीत. दिवसा चहा आहेच. हात थरथरतात, चिडचिड वाढली आहे. रागावून उपयोग नाही हे कळतं. काय सांगू त्याला?

अभ्यासिका_क्र_३ | ९ जून, रात्री ११.५५

काकू, मी तुमच्या मुलाच्याच वयाचा आहे, चौथा प्रयत्न. त्याच्या बाजूने लिहितो. आमच्यावर वेळेचा जो भार असतो तो घरी कळत नाही. शेजारचा अडीचपर्यंत बसलेला दिसला की आपण अकराला उठणं जमत नाही.

पण माझं काय झालं ते सांगतो. पूर्वपरीक्षेच्या आधी दीड महिना रोज दोन बाटल्या, पाच चहा. परीक्षेच्या सकाळी भीतीने काहीच घेतलं नाही. अकरा वाजता डोकं असं ठणकायला लागलं की उतारा वाचता येईना. दुसऱ्या पेपरला ओकारी झाली. तेव्हा वाटलं आजारी पडलो. नंतर कळलं की रोजचं कॅफीन एकदम तुटलं की हेच होतं. एक वर्ष गेलं माझं. त्याला एवढं सांगा की परीक्षेच्या आधी तोडायचं असेल तर तीन आठवडे आधीपासून कमी कर, आणि नाही तर रोजचा कप परीक्षेच्या दिवशीही घे.

स्टेथो | १० जून, सकाळी ७.३०

अभ्यासिका_क्र_३, वाचून वाईट वाटलं. तुम्ही लिहिलंत ते तंतोतंत आहे. डोकेदुखी शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत सुरू होते, एक-दोन दिवसांत कळसाला जाते आणि नऊ दिवसांपर्यंत रेंगाळू शकते. म्हणून दर तीन-चार दिवसांनी अर्धा कप कमी करत उतरायचं.

मुठाकाठच्या ताई, भारतीय नियमाप्रमाणे या पेयांत लिटरला १४५ ते ३०० मिग्रॅ कॅफीन असू शकतं. लहान मुलांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी घेऊ नये आणि दिवसाला ५०० मिलिच्या वर जाऊ नये, असं डब्यावर लिहावं लागतं. डब्यावरचा तो मजकूर मुलाला स्वतः वाचायला लावा. अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्यांत ३०० पर्यंत जाईल, वर पाच चहांचे दोनशे. शिवाय साखर. आणि दिवसा वाचलेलं पक्कं होतं ते झोपेत. अडीचपर्यंत वाचून चार तास झोपलेल्या मुलाने कमावलं कमी, गमावलं जास्त. थरथर आणि चिडचिड आहे तर एकदा रक्तदाब आणि थायरॉइड तपासा, सगळं कॅफीनचंच असेल असं धरू नका.

सिस्टर_गोदा | १० जून, रात्री ११.२०

नाशिकला नवजात अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. कॅफीन म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे कॉफी येतच नाही, सव्वा किलोचं बाळ येतं. दिवस भरण्याआधी जन्मलेली बाळं मधेच श्वास घ्यायचं विसरतात. त्यांना आम्ही कॅफीन सायट्रेट देतो, मेंदूतलं श्वासाचं केंद्र जागं ठेवायला. मॉनिटरवरचा आवाज रात्रीत पंधरा वेळा व्हायचा तो दोन-तीनवर आलेला मी पाहिला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे.

पण त्याच कामातून हेही शिकले की एवढ्याशा बाळाच्या शरीरातून कॅफीन निम्मं व्हायला तीन-चार दिवस लागतात. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत आईलाही पंधरा तासांपर्यंत लागू शकतात. त्यामुळे "मी तर नेहमीएवढीच पिते" हे गरोदर बाईने म्हणून चालत नाही, कप तेवढाच असला तरी रक्तात साचतं जास्त. युरोपची संस्था गरोदरपणात २०० ची मर्यादा सांगते. आमच्याकडे येणाऱ्या आयांना मी दोन लहान कप चहा किंवा एक कॉफी, तीही दुपारच्या आत, एवढंच सांगते.

आणि माझ्यासारख्या रात्रपाळीवाल्यांना : पाळी सुरू होताना घ्या, पहाटे चारला घेऊ नका. चारला घेतलेली कॉफी सकाळी नऊला घरी झोपू देत नाही. हे मला समजायला सहा वर्षं लागली.

पंढरीची_वाट | ११ जून, सकाळी ९.४५

दोन प्रश्न. कॉफीने कर्करोग होतो असा निरोप दर महिन्याला फिरतो, ते खरं का? आणि वडिलांना एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके अनियमित पडणं) आहे, त्यांना कॉफी पूर्ण बंद सांगितली आहे. ते फार हिरमुसले आहेत.

स्टेथो | ११ जून, रात्री ९.००

कर्करोगाचं : जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९१ मध्ये कॉफीला मूत्राशयाच्या कर्करोगासाठी संशयितांत टाकलं होतं. २०१६ मध्ये पुरावे पुन्हा तपासून तिथून काढलं. मात्र त्याच वेळी ६५ अंशांपेक्षा गरम कुठलंही पेय अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरतं असं सांगितलं. ओठ भाजेल असा चहा-कॉफी पिणाऱ्यांनी दोन मिनिटं थांबावं.

हृदयाचं : २०२५ मध्ये एक चाचणी प्रसिद्ध झाली. फिब्रिलेशन असलेले २०० रुग्ण, शॉक देऊन ठोके सुरळीत केलेले. निम्म्यांनी रोज किमान एक कप कॉफी घेतली, निम्म्यांनी पूर्ण सोडली. सहा महिन्यांत कॉफीवाल्यांपैकी ४७ टक्क्यांना त्रास पुन्हा झाला, सोडणाऱ्यांपैकी ६४ टक्क्यांना. हे सगळे आधीपासूनचे कॉफी पिणारे होते, म्हणून न पिणाऱ्याने सुरू करावी असा याचा अर्थ नाही. पण सकाळचा एक कप वडिलांना मिळू शकतो का, हे त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारायला पुरेसं कारण आहे. धडधड वाढत असेल तर नाहीच. एनर्जी ड्रिंक तर अजिबात नाही.

कॉफी पिणाऱ्यांत टाइप २ मधुमेह, पार्किन्सन्स, यकृताचा सिरोसिस कमी दिसतो असंही वाचाल. मोठमोठ्या पाहण्यांतून हे वारंवार दिसलं आहे, पण पाहणीत दिसणं आणि कॉफीमुळे होणं यात अंतर आहे. यकृतासाठी कॉफी सुरू करा असं मी पेशंटला सांगत नाही. दारू कमी करा असं सांगतो.

सोलापुरी_चादर | ११ जून, रात्री १०.१०

घरी विचारलं. खरंच अर्धाच चमचा घालतात. आईने सांगितलं, आजी मुलांना द्यायची त्यात कॉफी चिमूटभरच असायची, रंगापुरती. माझा आधीचा प्रतिसाद मागे घेतो.

कृष्णाकाठ | १४ जून, सकाळी ६.३०

सगळ्यांचे आभार. सासूबाईंना ट्रोम्सोची गोष्ट कन्नडमध्ये सांगितली. पितळी फिल्टर बाजूला ठेवायला त्या तयार नाहीत, तो त्यांच्या आईचा आहे. मी दुकानातून कागदाच्या गोल चकत्या आणल्या आणि खालच्या भांड्यावर गाळणीत ठेवून उतरलेलं डिकॉक्शन पुन्हा गाळलं. वेळ दुप्पट लागला, कॉफी थोडी हलकी झाली. त्यांनी टंबलर संपवला आणि एवढंच म्हणाल्या की उद्या पूड अर्धा चमचा जास्त घाल. तीन महिन्यांनी त्यांचा रिपोर्ट इथे टाकीन.

वाईकर_नाना | ११ ऑगस्ट, सकाळी ७.२०

धागा वर काढतो. जूनमध्येच डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी मात्रा तीच ठेवून आठ आठवड्यांनी बोलावलं. काल टीएसएच आला ०.३. मर्यादेच्या खाली. त्यांनी मात्रा एक पायरी उतरवली, पुन्हा आठ आठवड्यांनी तपासणी. आता गोळी पाचला, पाण्याबरोबर. मग घाटावर फिरून येतो आणि सव्वासहाला सौ. कॉफी हातात देते.